आईचा सावजी मसाला आणि गुगल रिव्ह्यू : आठ महिन्यांचा अनुभव

नागपूरच्या महाल भागात आमच्या घरीच आई सावजी मसाला करते. नागपूरचं गिऱ्हाईक पुडी उघडतं, वास घेतं आणि तिथंच ठरवतं. अडचण पुण्या-मुंबईच्या ऑर्डरची होती. वास तर फोनवरून जात नाही, मग अनोळखी माणसाला आधी पैसे कोण पाठवणार? म्हणून आठ महिन्यांपूर्वी गुगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गुगलवर धंद्याचं पान, उघडलं. ते फुकट आहे. रिव्ह्यूच्या लिंकचा क्यूआर कोड कार्डावर छापून प्रत्येक पार्सलमध्ये टाकू लागलो.

पहिले दोन महिने वाया गेले, चूक माझीच. "छान", "मस्त", "एक नंबर" असे पाच स्टारवाले रिव्ह्यू यायचे आणि मी खूश. नव्या गिऱ्हाइकांचे प्रश्न मात्र तेच: तिखट किती? अर्धा किलोला किती घालायचा? मग कार्डावरचं "रिव्ह्यू द्या" काढलं आणि छापलं, "काय केलं, मसाला किती घातला, घरात कोणाला तिखट लागलं, ते लिहा."

तेव्हापासून लोक खरं लिहू लागले. हिंजवडीच्या एका वहिनींनी लिहिलं, अर्धा किलो चिकनला दोन चमचे घातले, पोरांना झेपलं नाही. दुसऱ्यांदा एकच घातला आणि खोबरं वाढवलं. स्टार तीनच. मला वाईट वाटलं, आईला नाही. "बरोबर लिहिलं तिनं. तिला सांग, पाणी गरमच घालजो अन् तर्री वर येईस्तोवर घाई करू नको." तेच उत्तर खाली टाकलं. आता फोन येतात, "त्या एक चमच्याचं वाचलं, पाव किलो पाठवा." माझ्या पन्नास "मस्त"नी हे काम कधी केलं नव्हतं.

मध्ये एक जण शंभर रिव्ह्यू विकत देतो म्हणून आला. त्याला परत पाठवलं. रिव्ह्यूच्या बदल्यात सूट देणंही गुगलच्या नियमात बसत नाही. हे मला उशिरा कळलं. कळल्याबरोबर मी सुरुवातीला ठेवलेली ५० रुपयांची सूट बंद केली. भारतीय मानक ब्युरोनं २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० हे मानक आणलं. ते ऐच्छिक म्हणून आलं, पण घरगुती धंदेवाल्यानं समजून घ्यावं असंच आहे.

व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर गिऱ्हाइकांच्या रश्श्याचे फोटो टाकले, त्याचा उपयोग ओळखीतल्यांपुरताच झाला. फोटो टाकण्याआधी विचारतो. एकीनं नाही म्हटलं, तिचा टाकला नाही.

रिव्ह्यू मागायची वेळही महत्त्वाची. पार्सल पोचल्याच्या दिवशी मागू नका, भाजी अजून व्हायची असते. मी सोमवारी मेसेज करतो, कारण मटण रविवारी शिजतं.

कार्डाच्या मागच्या बाजूला आता हिंजवडीच्या वहिनींचं प्रमाण छापलंय, त्यांना विचारूनच.