अदिस अबाबाची अर्ध्या दिवसाची सिटी टूर – नक्की घ्या, फक्त वेळ जास्त मागा

इथिओपियाच्या राजधानीत एकच दिवस होता म्हणून गाईडसोबतची टूर घेतली आणि खरंच खूप आवडली. गाडी पाऊण तास उशिरा आली, त्यामुळे शेवटी मर्काटो बाजार गाडीतूनच बघावा लागला, याचं वाईट वाटलं. पण गाईड म्हणजे सोनं! सुरुवात एन्टोटो डोंगरावरून केली, सम्राट मेनेलिक दुसरा आधी इथंच वर राहायचा, मग राणी तैतूला खालचे गरम पाण्याचे झरे आवडले आणि 1886 मध्ये तिथं शहर वसलं, नावही तिनंच ठेवलं, अदिस अबाबा म्हणजे नवीन फूल. शहर 2300 मीटरच्या वर आहे, चढताना धाप लागते, सावकाश चाला.

मग सेंट जॉर्ज कॅथेड्रल. 1896 ला अडवाच्या लढाईत इटलीला हरवलं त्याची आठवण म्हणून बांधलेलं, हे गाईड इतक्या अभिमानानं सांगत होता की माझ्याच अंगावर काटा आला. नॅशनल म्युझियममध्ये लुसी आहे, म्हणजे माणसाच्या प्राचीन पूर्वजाचा सांगाडा, 1974 ला सापडलेली, जवळपास 32 लाख वर्षांपूर्वीची. तिथले लोक तिला दिन्किनेश म्हणतात. तिच्यासमोर फक्त दहा मिनिटं मिळाली, मला तासभर तरी हवा होता. आफ्रिकन युनियनची बिल्डिंग बाहेरूनच दाखवली.

शेवटी कॉफी, तिथंच भाजून जेबेनातून (मातीच्या कॉफीच्या सुरईतून) ओतलेली. तो वास अजून नाकात आहे. बुकिंग करतानाच म्युझियमला जास्त वेळ द्या असं सांगून ठेवा.