दहावीनंतरची सुट्टी: पायथन की सी प्लस प्लस?

दहावीचा शेवटचा पेपर देऊन आलेल्या भाच्याने दप्तर कोपऱ्यात टाकलं आणि विचारलं, "मामा, पायथन शिकू का सी प्लस प्लस?" दाजींचं तिसरंच होतं: "आधी एमएस-सीआयटी करून घेतलं तर?" एमएस-सीआयटी म्हणजे संगणक वापरायला शिकणं. ते कामाचं आहे, पण ते प्रोग्रॅमिंग नव्हे. तेव्हा दाजींना चहा देऊन मी भाच्याच्या प्रश्नाकडे वळलो. त्याला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर सांगतो.

आधी एक प्रयोग. १ ते १३ या सगळ्या संख्यांचा गुणाकार दोन्ही भाषांत काढा. पायथन निमूटपणे ६२२७०२०८०० सांगते आणि ते बरोबर असतं. सी प्लस प्लसमध्ये साधा इंट (पूर्णांक ठेवायचा नेहमीचा कप्पा) वापरलात तर बहुतेक ठिकाणी १९३२०५३५०४ येतं. एरर नाही, काही नाही, आकडाही अगदी खरा वाटावा असा! ३२ बिटांच्या इंटमध्ये २१४७४८३६४७ च्या पुढचं काही मावत नाही, हे त्यामागचं कारण. पायथन लागेल तशी जागा वाढवून घेते, सी प्लस प्लस ती काळजी तुमच्यावर सोडते. दोघींमधला बाकीचा बराचसा फरक याच स्वभावातून येतो.

म्हणून पायथनमध्ये पहिल्या आठवड्यातच काहीतरी चालतं करून दाखवता येतं: फोटोंच्या फायलींना ओळीने नावं देणं, मित्रांसाठी प्रश्नमंजुषा, घरच्या वीजबिलाचा हिशोब. पंधरा वर्षांच्या मुलाला टिकवून धरायला हे फार लागतं. धोकाही इथेच आहे. कुठली तरी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला कोड, आणून चार ओळी चिकटवल्या की चेहरे ओळखणारा प्रोग्रॅम तयार होतो, आणि "आत काय चाललंय?" विचारलं की पठ्ठ्या गप्प. एआयकडून कोड लिहून घेणाऱ्यांचं तर दोन्ही भाषांत हेच होतं. पहिले काही महिने तरी लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करून घेणं) आणि फंक्शन (एका कामाचा नाव दिलेला तुकडा) स्वतःच्या हाताने टाइप करावीत, याबाबत मी जुन्या वळणाचा आहे.

सी प्लस प्लस सुरुवातीला छळते. एक अर्धविराम राहिला की कंपायलर, म्हणजे आपला कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम, पानभर ओरडतो. उलट ॲरेच्या (ओळीने मांडलेल्या कप्प्यांच्या) बाहेर हात घातला तर कधीकधी चकार शब्द काढत नाही. पण मेमरी म्हणजे काय, एखादा प्रोग्रॅम दुसऱ्यापेक्षा वेगवान का, हे ती शिकवते. दहा कोटी वेळा फिरणारं साधं लूप तिथे साधारण सेकंदाच्या आत संपतं, साध्या पायथनला कित्येक सेकंद लागतात. वीजबिलाच्या हिशोबात हा फरक कळणारही नाही. स्पर्धेत मात्र तोच निर्णायक ठरतो.

मुलाला कोडी सोडवायचा नाद असेल तर ही स्पर्धेची बाजू नीट पाहा. शालेय विद्यार्थ्यांचं आंतरराष्ट्रीय इन्फॉर्मॅटिक्स ऑलिंपियाड, म्हणजे प्रोग्रॅमिंगची स्पर्धा, १९८९ मध्ये बल्गेरियात सुरू झालं. भारतातली निवड आयएआरसीएस ही संस्था करते: आधी झेडआयओ किंवा झेडसीओ या विभागीय परीक्षा, मग आयएनओआय ही राष्ट्रीय, आणि शेवटी चौघांचा संघ. यातली झेडआयओ कागद-पेनावरची आहे, तिला कुठलीच भाषा येण्याची गरज नाही. पुढे मात्र सी प्लस प्लसच धरायची. सरावाला सीएसईएसचा प्रश्नसंच आणि कोडफोर्सेस या दोन्ही वेबसाइट फुकट आहेत. अडचण एकच, पण मोठी: बारावीनंतरचं कॉलेज सुरू झालं की हे दार बंद होतं, आणि अकरावी-बारावीची तीच दोन वर्षं जेईईलाही हवी असतात. दोन्ही जमवणारी मुलं असतात, थोडी.

"अकरावीला काय असतं?" या प्रश्नावर फार अडू नका. सीबीएसईच्या कॉम्प्युटर सायन्सला पायथन आहे, राज्य मंडळाच्या बायफोकलला वर्षानुवर्षं सी प्लस प्लस. कॉलेजात अजून निळ्या पडद्याचा टर्बो सी प्लस प्लस हा जुना कंपायलर असला तर तो प्रॅक्टिकलपुरता ठेवा. १९९८ साली भाषेचं पहिलं प्रमाणित रूप आलं, हा टर्बो त्याच्याही आधीचा. घरी जीसीसी हा आजचा कंपायलर टाका, फुकट आहे.

क्लास लावायचाच असेल तर आत जाऊन बघा: मुलं टाइप करतायत की फळ्यावरून उतरवून घेतायत. मराठीतून सुरुवात हवी असेल तर आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्यूटोरियल आहेत. इंग्रजी चालत असेल तर एनपीटीईएल या ऑनलाइन कोर्सांच्या साइटवर माधवन मुकुंद यांचा पायथनचा आठ आठवड्यांचा कोर्स. शिकायला पैसे लागत नाहीत, परीक्षेची फी वेगळी. आणि निवडच करवत नसेल तर हार्वर्डचा सीएस-५० हा कोर्स: आधी स्क्रॅच (ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायची भाषा), मग सी, मग पायथन. माझ्या मते तो सगळ्यात चांगला, पण गृहपाठ दमवतो.

भाच्याला ऑलिंपियाड नको होतं, दाजींच्या दुकानाची उधारीची वही संगणकावर आणायची होती. म्हणून पायथन. तिसऱ्या आठवड्यात त्याचा फोन आला: "मामा, ०.१ अधिक ०.२ केलं तर ०.३०००००००००००००००४ येतंय!" म्हणजे पायथनही सगळंच सांभाळून घेत नाही. आता तो सगळे हिशोब रुपयांऐवजी पैशांत, म्हणजे पूर्णांकात ठेवतो. जूनमध्ये सी प्लस प्लस सुरू करायची म्हणतोय. दाजींची वही मात्र अजून गल्ल्याखालीच आहे.