यॉटवर रात्र, कुलाब्यात खोली की आपलं बामणोली? उन्हाळ्यात दोघांनी काय निवडावं

लग्नाच्या वाढदिवसाला यॉट पायजेच हा हट्ट माझा होता, आणि ह्यांची आपली एकच टेप, "अगं पाणीच बघायचंय ना, मग आपल्या साताऱ्याजवळच्या बामणोलीला जाऊ की, तासा-दीड तासात पोचतो." शेवटी दोन उन्हाळ्यांत तिन्ही करून झालं, त्यामुळं आता ज्यांना ठरवायचंय त्यांना जरा सविस्तर सांगते.

आधी यॉटवरची रात्र, कारण सगळ्यांना तीच हवी असते. फोटोत दिसतं तसं शांत वगैरे काही नसतं, मुंबईत गेटवे ऑफ इंडियासमोरचं पाणी म्हंजे आपल्या सातारा एसटी स्टँडसारखंच, फक्त ओलं. एलिफंटाच्या लाँचेस, मांडव्याच्या बोटी, नेव्हीची जहाजं, लांब जवाहर द्वीपकडं तेलाचे टँकर, आणि प्रत्येक जण जाताना एक लाट पाठवणार. बोट निघून गेली की मिनिटभरानं लाट येते, तोवर तुम्ही निर्धास्त चहा ओतत असता, माझा कप टेबलावरून सरकत सरकत थेट ह्यांच्या मांडीवर! एसी लावायचा तर जनरेटर चालू, त्याची घरघर उशीतून कानात. संडास पंपाचा, तो कसा मारायचा ते पहिल्यांदाच नीट विचारून घ्या, लाजू नका.

पण एक गोष्ट मात्र लई भारी. रात्री झोपताना खिडकीत ताजचा घुमट होता, पहाटे पाचला डोळे उघडले तर समोर टँकरचे दिवे. हे ताडकन उठले, म्हणाले दोरी सुटली वाटतं. बोटीवरचा पोरगा हसायला लागला, म्हणे साहेब, नांगरावरची बोट भरती-ओहोटीसोबत तोंड फिरवते, साधारण सहा तासांनी पाणी उलटं फिरतं तशी तीपण फिरते. मग झोप कसली, डेकवर जाऊन बसलो आणि उरणच्या बाजूनं सूर्य वर आला. गेटवेचं तोंड पूर्वेला आहे हे मला तेव्हा कळलं, म्हंजे इथं समुद्रात सूर्योदय मिळतो, सूर्यास्त नाही. "सनसेट क्रूझ" म्हणून विकतात त्यात सूर्य शहराच्या मागं बुडतो, तेही छानच दिसतं, पण कुणी समुद्रात बुडणारा लाल गोळा डोक्यात धरून गेलं तर हिरमोड होणार.

आता दुसरा पर्याय, खोली कुलाब्यात आणि संध्याकाळी दोन तास शिडाची बोट. माझं मत याला. इंजिन बंद केलं की पहिल्यांदा कळतं शांतता काय असते, दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो त्यावर बोट एका अंगावर कलते, आणि तिथून १९०३ चं ताज आणि १९२४ चं गेटवे एका नजरेत येतं. भाडं बहुतेक ठिकाणी अख्ख्या बोटीचं असतं, माणशी नाही, म्हणून दोघांना ते महागच पडतं, ओळखीचं दुसरं जोडपं मिळालं तर अर्ध्यावर येतं. (आम्ही नेलेले कंदी पेढे खलाशांनी चढायच्या आधीच संपवले, त्यामुळं दोनाचे अडीच तास झाले असावेत असा ह्यांचा दावा.)

दोन्हीला लागू अशा गोष्टी: लाइफ जॅकेट मागून घ्या आणि घालूनच बसा, डिसेंबर २०२४ ला याच पाण्यात नेव्हीची स्पीडबोट प्रवासी लाँचवर आदळली होती. ओहोटीला जेटीच्या खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, अमावास्या-पौर्णिमेला तर पाणी फारच खाली जातं, तिथं हिलवाल्या चपला म्हंजे कंबरडं मोडून घेणं. उलटीची गोळी बोटीत चढायच्या आधी, मळमळायला लागल्यावर नाही. मे संपत आला की गेटवेच्या बोटी पावसाळ्यापुरत्या बंद होत जातात, त्यामुळं एप्रिल किंवा फार तर मेचा पहिला पंधरवडा. आणि गाडी घेऊन कुलाब्यात जाऊ नका, पार्किंग शोधण्यातच भांडण होतं, आमचं झालं.

बामणोलीचं काय? कासवरून गेलं की शिवसागर, कोयना धरणाचंच पाणी, खर्च किरकोळ, पिठलं-भाकरी मिळते, फोनला रेंज मिळेलच असं नाही हे सुखच. पण मेमध्ये पाणी खूप उतरलेलं असतं, लाल मातीचे उघडे काठ तुडवत बोटीपर्यंत उतरायचं, वर ऊन. ही जागा दिवाळीनंतरची, तेव्हा तिला तोड नाही.

यंदा ह्यांनी स्वतःहून एप्रिलमधला शनिवार धरलाय, शिडाची बोट, दोनच तास. खोली मात्र मी बघितली, पूर्वेच्या खिडकीची, पाचचा गजर लावायचाय.