चँग-एंग की मिली-क्रिस्टिन?

सयामी (शरीरानं जोडलेल्या) जुळ्यांवर एकांकिका करायची, पण चँग-एंग हे भाऊ की मिली-क्रिस्टिन या बहिणी, कोणती जोडी घ्यावी हे भाचीचं ठरेना. बहिणींच्या 'दोन डोक्यांची कोकिळा' वगैरे जाहिराती बाजूला ठेवू.

मालकी कुणाची? सयामचे (आजच्या थायलंडचे) चँग-एंग १८२९मध्ये अमेरिकेत आले आणि १८३२पासून स्वतःचे खेळ स्वतःच लावू लागले. मिली-क्रिस्टिन मात्र १८५१मध्ये नॉर्थ कॅरोलिनात गुलामीतच जन्मल्या. विकल्या गेल्या, पळवल्याही गेल्या.

कलेत बहिणी सरस: दोन आवाजांचं गाणं, नाच, अनेक भाषा. भावांकडे कसरती.

कमाईतून भावांनी जमीन घेतली, गुलामही! (हे गाळू नकोस गं.) यादवी युद्धात पैसा बुडाला, पुन्हा रंगमंचावर यावं लागलं. बहिणींच्या कमाईतून त्यांची जन्मभूमीच कुटुंबाच्या मालकीची झाली.

संगीत नाटक हवं तर बहिणी. दोषी नायक पेलणार असेल तर भाऊ.