उटीची गाडी: तिकीट मेट्टुपालयमचंच काढा

आधी आमची फसगत सांगतो. गेल्या वर्षी एका एजंटाने ‘उटीची हेरिटेज ट्रेन’ म्हणून कुन्नूर ते उटीची तिकिटं आमच्या गळ्यात मारली. निळे डबे, चहाचे मळे, फोटो, सगळं झालं. पण गाडीला डिझेल इंजिन आणि खाली साधे दोन रूळ. मी एसटीच्या वर्कशॉपात ३१ वर्षं गिअरबॉक्स खोलले-जोडले. ज्या दातेरी रुळासाठी एवढ्या लांब आलो, तो त्या टप्प्यात नाहीच! तो खाली, कल्लार ते कुन्नूर. म्हणून यंदा फेब्रुवारीत पुन्हा गेलो. ही म्हणाली, “एका दातासाठी दोनदा उटी?” पण आली.

गाडी डोंगराच्या पायथ्याच्या मेट्टुपालयमहून सकाळी ७.१० ला सुटते. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. त्या सकाळी चहा करायला उठलात तर गेलं. पहिले सातेक किलोमीटर सपाटी, दुतर्फा सुपारीच्या बागा. कल्लार सोडलं की गाडी अगदी गोगलगाय होते आणि खालून घरघर सुरू होते. दात बसला!

रुळांच्या मधोमध दोन दातेरी पट्ट्या शेजारी-शेजारी टाकल्यात. एकीचा दात जिथे, तिथे दुसरीची खाच. त्यामुळे इंजिनाच्या पिनियनची, म्हणजे दातेरी चाकाची, पकड एका क्षणासाठीही सुटत नाही. आब्ट पद्धत म्हणतात हिला. जिथून पट्ट्या सुरू होतात तिथलं तोंड स्प्रिंगवर ठेवलंय. दातावर दात आला तरी पट्टी दबते आणि दात सरकून खाचेत बसतो. क्लच अर्धवट दाबून गिअर टाकणाऱ्या आमच्या काही ड्रायव्हरांना हे दाखवायला हवं होतं.

चढ बाराला एक, म्हणजे बारा फूट पुढे गेलं की एक फूट वर. आपल्या बोरघाटात सदतिसाला एक आहे, तरी कर्जतला मागून बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं, लावावी लागतात. इथे इंजिन मागेच असतं आणि डबे वर ढकलतं. जुनी इंजिनं स्विस, नंतरची रेल्वेच्या गोल्डन रॉक कारखान्यात त्याच धर्तीवर बांधलेली. सिलिंडर चार: दोन चाकांना, दोन पिनियनना. चाकांच्या सिलिंडरमधून निघालेली वाफ वाया न घालवता पिनियनच्या सिलिंडरला देतात. म्हणून चढावर कान दिलात तर दोन वेगळे ठोके ऐकू येतात, कधी जुळतात, कधी चुकतात. पहिल्या वर्गाचा डबा सगळ्यांत पुढे, त्याच्यासाठी झुंबड उडते. मला विचाराल तर इंजिनाला लागून असलेला डबा मिळाला तर सोडू नका. धूर खाल, पण गाडी ऐकाल.

प्रत्येक डब्याच्या पुढच्या ओट्यावर एक ब्रेकवाला असतो. नजर रुळावर, हात ब्रेकवर. आमच्या डब्यातला माणूस कुन्नूरपर्यंत एकदाही टेकून बसला नाही.

डब्यात स्वच्छतागृह नाही, हे मधुमेहवाल्यांनी लक्षात ठेवावं. हिलग्रोव्हला इंजिन पाणी पितं तेव्हा उतरून घ्या. तिथेच एका माकडाने हिच्या हातातली दशमी नेली. चटणीचा डबा मात्र हुंगून परत ठेवला. तेवढ्यात मी खाली वाकून पट्टीच्या दाताला बोट लावलं. ताजं ग्रीस, आणि दाताची कड अजून स्वच्छ. ही ओरडली, “आता तो हात रुमालाला पुसू नका!” पुसून झाला होता.

१८९९ मध्ये ही गाडी कुन्नूरला पोचली, १९०८ मध्ये उटीला. युनेस्कोने दार्जिलिंगच्या गाडीला १९९९ मध्ये जागतिक वारसा ठरवलं, हिला २००५ मध्ये, कालका-शिमल्याला २००८ मध्ये. आपली १९०७ ची माथेरानची राणी अजून संभाव्य यादीतच बसलीय. दात नसताना, नुसत्या चाकांच्या पकडीवर विसाला एक चढते ती, हे त्या मंडळींना कोणी सांगितलंय की नाही कोण जाणे. पण निलगिरीच्या या गाडीचा मान रास्त आहे. पाटी लावून काचेत ठेवलेलं यंत्र नाही हे. रोज तेल-पाणी घालून कामाला जुंपतात. पावसात दरड आली की बंद पडतं, दरड काढली की पुन्हा चालतं.

मार्क म्हणाल तर कुन्नूरपर्यंत पाचपैकी पाच. कुन्नूरला वाफेचं इंजिन काढून डिझेल लावलं आणि मी डोळे मिटले. पुढे केटीची दरी फार सुंदर होती, असं ही अजून सांगते.