लेखन अडल्यावर: घरची रोजची बैठक की भिलारची वाट?

दिवाळी अंकासाठी कथा कबूल केलेली आहे, संपादकांचा फोन येऊन गेला आहे आणि चौथ्या पानापुढे लेखन हलत नाही, अशा वेळी साताऱ्यातील लेखकाला बहुधा दोनच सल्ले मिळतात. एक, घरीच रोज ठरलेल्या वेळी लिहायला बसावे; दुसरा, दोन दिवस रजा काढून भिलार या ‘पुस्तकांच्या गावी’ जावे. दोन्ही सल्ले चांगले आहेत, परंतु त्यांचा उपयोग वेगवेगळ्या अडचणींवर होतो, हे सल्ला देणारे सहसा सांगत नाहीत.

लिहिलेले प्रत्येक वाक्य लगेच खोडावेसे वाटत असेल, तर मजकूर आहे, पण स्वतःचाच धाक आड येतो आहे, असे समजावे. येथे रोजच्या बैठकीला पर्याय नाही. इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप टपाल खात्यातील नोकरी सांभाळून पहाटे लिहीत असत आणि समोर घड्याळ ठेवून दर पंधरा मिनिटांना 250 शब्दांचा हिशेब ठेवत; त्यांच्या नावावर 47 कादंबऱ्या आहेत. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइस यांनी प्राध्यापकांच्या लेखनाचा अभ्यास केला, तेव्हा स्फूर्तीची वाट पाहणाऱ्यांपेक्षा ठरवून लिहिणाऱ्यांचे लेखन तर अधिक झालेच, शिवाय त्यांना नव्या कल्पनाही अधिक सुचल्या. या पद्धतीला पैसा लागत नाही. मात्र सुरुवातीची बरीच पाने टाकाऊ निघतात आणि ती निमूटपणे लिहून काढण्याची तयारी लागते. खरी अडचण घरातली असते. दोन खोल्यांत पाच माणसे राहत असतील, तर पाणी यायच्या आधीची पहाट किंवा सगळे झोपल्यानंतरची रात्र, यांतील एक वेळ ठरवून घरच्यांना तसे स्पष्ट सांगावे लागते.

भिलारचे आकर्षण समजण्यासारखे आहे. पाचगणीहून महाबळेश्वरकडे जाताना लागणाऱ्या या गावात 4 मे 2017 रोजी ‘पुस्तकांचे गाव’ सुरू झाले आणि गावातील घराघरांत कथा, कविता, चरित्रे अशा प्रकारांनुसार मराठी पुस्तके मांडली गेली. तेथे बसून वाचता येते, आणि सतत लिहून ज्याचे वाचन आटले आहे, अशा लेखकाला ते नक्कीच मानवते. परंतु जो आधीच स्वतःच्या वाक्यांना भितो, त्याने नामवंतांची उत्तम पाने वाचली, तर भीती वाढण्याचाच संभव अधिक, असे माझे मत आहे. शिवाय दिवाळी अंकांचे लेखन पावसाळ्यात पुरे करायचे असते आणि तेव्हा त्या पठारावर धुके व संततधार असते. वाचनाला ते पोषक असले, तरी फिरून डोके मोकळे करण्याचा बेत मात्र बाजूला ठेवावा लागतो.

माहितीच नसल्यामुळे कथा थांबली असेल, तर हे दोन्ही मार्ग अपुरे ठरतात. 11 डिसेंबर 1967 च्या कोयना भूकंपानंतर एखाद्या कुटुंबाने पहिली रात्र कोठे काढली, हे लेखकाला ठाऊक नसेल, तर टेबलाशी कितीही बसून ते सुचणार नाही. त्यासाठी पाटण तालुक्यात जाऊन वयस्कर माणसांशी बोलावे आणि ग्रंथालयात त्या काळची वृत्तपत्रे मिळतात का, ते पाहावे. अडलेल्या लेखकांपैकी कित्येकांना प्रत्यक्षात एवढ्याच कामाची गरज असते, आणि नेमके तेच काम टाळले जाते.

बोलून लिहिणे हा आणखी एक मार्ग आहे. सांगलीत जन्मलेल्या वि. स. खांडेकरांनी दृष्टी गेल्यानंतर लेखनिकाला मजकूर सांगून लेखन चालू ठेवले. आज मोबाईलही मराठी टिपून घेतो, पण विरामचिन्हे आणि बोलीतील शब्द हाताने दुरुस्त करावे लागतात. संवाद अडले असतील तर हा मार्ग वापरून पाहावा. वर्णनासाठी त्याचा फारसा उपयोग नाही.

मजकूर देण्याची तारीख महिन्याच्या आत आली असेल, तर मी रोजची बैठकच निवडेन आणि दर दिवशी पुढचे वाक्य ठाऊक असतानाच उठेन, म्हणजे दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानापासून सुरुवात करावी लागत नाही. हाताशी दोन-तीन महिने असतील आणि वाचन खरोखरच आटले असेल, तर भिलारला अवश्य जावे. मात्र परतल्याच्या दुसऱ्या दिवसाची लिहिण्याची वेळ निघण्यापूर्वीच ठरवून ठेवावी.