पदपथ आहे, पण चालता येतो का? एका स्वयंसेवी पाहणीचे परीक्षण

पुण्याच्या पश्चिमेकडील आमच्या भागातील मुख्य रस्त्याला दोन्ही बाजूंनी पदपथ आहे, आणि तरीही आमच्या इमारतीतील बहुतेक माणसे रस्त्याच्या कडेनेच चालतात. असे का होते याचे मोजमापासह उत्तर मिळावे म्हणून आमच्या गृहरचना संस्थेने गेल्या हिवाळ्यात एका स्वयंसेवी गटाला पदपथांच्या पाहणीसाठी बोलावले. हा गट शुल्क घेत नाही. किमान दहा रहिवासी सोबत चालायला हवेत, एवढीच त्याची अट असते. आम्ही चौदा जण जमलो होतो. ज्यांना आपल्या भागात अशी पाहणी करून घ्यायची आहे, त्यांना ही सेवा नेमके काय देते आणि कुठे कमी पडते हे कळावे, म्हणून हे परीक्षण लिहीत आहे.

सुरुवातीला पाऊण तासाचे प्रशिक्षण झाले. प्रत्येक जोडीला एक पोलादी टेप, खडू आणि छापील नोंदपत्रक मिळाले. नोंदपत्रक मराठीत होते, आणि ते भाषांतरित वाटत नव्हते. ‘चेंबरचे झाकण पदपथाच्या पातळीत आहे का?’, ‘पेव्हर ब्लॉक हलतात का?’, ‘पाऊस पडल्यावर पाणी कुठे साचते?’ असे प्रश्न त्यात होते, त्यामुळे आमच्याकडे धुणीभांडी करायला येणाऱ्या मावशींनाही ते कोणी समजावून सांगावे लागले नाही. शेवटच्या प्रश्नाचे सर्वांत अचूक उत्तर त्यांनीच दिले, कारण जुलैमध्ये सकाळी सहा वाजता त्या रस्त्याने चालत येणाऱ्या आमच्यात त्या एकट्याच आहेत.

या पद्धतीचा सर्वांत मोठा गुण म्हणजे ती पदपथाची रुंदी आणि मोकळी रुंदी यांत फरक करते. आमचा पदपथ कर्बस्टोनपासून, म्हणजे रस्त्याकडील कडेच्या दगडापासून, भिंतीपर्यंत 2.4 मीटर भरतो. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या ‘आयआरसी 103’ या मार्गदर्शक सूचनांच्या 2012 च्या आवृत्तीत निवासी भागासाठी किमान 1.8 मीटर रुंद आणि 2.2 मीटर उंच अशी अडथळाविरहित जागा सांगितली आहे, तेव्हा कागदावर आमचा पदपथ निकषापेक्षा रुंदच ठरतो. प्रत्यक्षात एका ठिकाणी विजेची डीपी, तिच्या शेजारी झाडाचे आळे आणि त्याला टेकवलेला दिशादर्शक फलक असे तिन्ही एका रेषेत येतात, आणि चालणाऱ्यासाठी 58 सेंटिमीटर उरतात. व्हीलचेअर जायला साधारण 90 सेंटिमीटर लागतात. खांब, झाडे, पेट्या आणि फलक यांसाठी रस्त्याच्या बाजूने स्वतंत्र पट्टा ठेवावा आणि चालण्याचा पट्टा पूर्ण मोकळा सोडावा, हे त्याच सूचनांत स्पष्ट आहे. आमच्याकडे ती विभागणी झालेलीच नाही. प्रत्येक टप्प्यातील सर्वांत अरुंद जागा शोधा आणि तीच लिहा, असे गटाने आम्हाला बजावले होते. एवढ्या एका सूचनेमुळे, सात वर्षे मी ज्या पदपथाला ‘बरा आहे’ म्हणत होतो, तो मला पहिल्यांदा नीट दिसला.

उंचीच्या बाबतीतही तेच घडले. कर्बची उंची 150 मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी असा निकष आहे. आमच्याकडे ती चार ठिकाणी 270 मिलिमीटर भरली, म्हणजे घरातल्या जिन्याच्या पायरीपेक्षाही जास्त. त्यातच प्रत्येक सोसायटीने गाडी आत घेण्यासाठी फाटकासमोर पदपथ तोडून उतार केला आहे, त्यामुळे दर पंधरा-वीस मीटरवर उतरायचे आणि पुन्हा चढायचे. आमच्या तिसऱ्या मजल्यावरील आजी वॉकर घेऊन चालतात. गटाने आग्रहाने त्यांना सोबत घेतले आणि सर्वांना त्यांच्या गतीने चालायला लावले. सहाव्या फाटकापाशी आजी थांबल्या, म्हणाल्या, “आता मी रस्त्यावरूनच येते रे, गुडघे राहिले नाहीत,” आणि खाली उतरल्या. आमच्या इमारतीतील माणसे रस्त्याच्या कडेने का चालतात, याचे उत्तर तिथे मिळाले. पदपथाची पातळी फाटकासमोरही सलग ठेवून गाडीने वर चढून जावे अशी रचना सर्वस्वी शक्य आहे; आज ती चढउतार गाडीऐवजी माणसाला करावी लागते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

चौकात एका मुलीने फोनवर वेळ मोजली. रस्ता 24 मीटर रुंद आहे आणि पादचाऱ्यांसाठी हिरवा दिवा 18 सेकंद राहतो. सेकंदाला 1.2 मीटर या सर्वसाधारण गतीने चालणाऱ्यालाही 20 सेकंद लागतात. आजींना 38 लागले, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक वेळ आमच्यापैकी दोघे हात वर करून वाहनांसमोर उभे होते. 2022 मध्ये भारतातील रस्त्यांवर 32,825 पादचारी मृत्युमुखी पडल्याची केंद्र सरकारची नोंद आहे. तो आकडा मी पूर्वी वाचला होता, पण त्या चौकात उभे असताना तो वेगळ्याच रीतीने आठवला.

आता मतभेदाच्या गोष्टींकडे येतो. पहिला आणि सर्वांत गंभीर आक्षेप गुणांकनाबद्दल आहे. गटाने 400 मीटरचा रस्ता 50 मीटरच्या आठ टप्प्यांत विभागला, प्रत्येक टप्प्याला पाचपैकी गुण दिले आणि शेवटी सरासरी काढली. सात टप्प्यांना 4 गुण मिळाले आणि एका टप्प्याला, जिथे खोदकामानंतर पदपथ पुन्हा बांधलाच गेला नाही, तिथे शून्य. सरासरी आली 3.5, आणि अहवालात आमच्या रस्त्यापुढे ‘समाधानकारक’ असा शेरा पडला. वॉकर, बाबागाडी किंवा पांढरी काठी घेऊन निघालेल्या माणसासाठी मात्र हा रस्ता त्या एका टप्प्यापाशी संपतो. उरलेल्या साडेतीनशे मीटरचे गुण त्याच्या काहीच कामाचे नसतात. सरासरीऐवजी सर्वांत कमी गुण मिळालेला टप्पा हाच संपूर्ण रस्त्याचा गुण धरावा, अशी लेखी सूचना मी गटाला केली आहे. ज्या गटाने रुंदी मोजताना सर्वांत अरुंद जागा पकडली, त्याने गुण देताना तेच तत्त्व सोडून द्यावे, याचे आश्चर्य वाटते.

दुसरा आक्षेप वेळेचा. पाहणी रविवारी सकाळी सात वाजता झाली. स्वयंसेवकांना ती वेळ सोयीची असते हे मान्य आहे, परंतु तेव्हा शाळा बंद, दुकाने बंद, आणि पदपथावर एकही दुचाकी नाही. मी तीच नोंदपत्रे घेऊन बुधवारी संध्याकाळी साडेसहाला पुन्हा गेलो. सकाळी 4 गुण मिळवलेल्या टप्प्यांपैकी तीन टप्प्यांवर दुचाकी आडव्या लावलेल्या होत्या आणि चालायला जागाच नव्हती. अंधार पडल्यावर आणखी एक गोष्ट लक्षात आली: दिव्यांचे खांब झाडांच्या माथ्यापेक्षा उंच असल्यामुळे उजेड पानांवर पडतो आणि खालचा पदपथ काळोखात राहतो. ‘दिवा आहे का?’ या रकान्यात सकाळी आम्ही सर्वांनी ‘होय’ लिहिले होते. महिलांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने अशा पायी पाहण्यांची पद्धत 1989 मध्ये टोरांटोतील ‘मेट्रॅक’ या संस्थेने घडवली. रात्री त्या रस्त्याने जाणाऱ्या बाईला काय दिसते आणि कशाची भीती वाटते, हा तिचा गाभा आहे. तो गाभा सकाळच्या उन्हात हाती लागणे अवघड आहे.

तिसरी बाब ‘अतिक्रमण’ या रकान्याची. दुकानदाराने पदपथावर बांधून काढलेल्या कडाप्प्याच्या पायऱ्या आणि संध्याकाळी तीन तास टोपली घेऊन बसणाऱ्या भाजीवाल्या काकू, या दोन्हींची नोंद या एकाच रकान्यात होते, आणि हे मला मान्य नाही. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अतिक्रमणमुक्त आणि दिव्यांगांना वापरता येतील असे पदपथ हा संविधानाच्या अनुच्छेद 21 खालील हक्काचा भाग असल्याचे सांगितले. त्याचे मी मनःपूर्वक स्वागत करतो. त्याच वेळी, पथविक्रेत्यांचे सर्वेक्षण करून त्यांना जागा नेमून देण्याची जबाबदारी 2014 च्या कायद्याने स्थानिक संस्थांवर टाकलेली आहे. काकू बसतात तिथे मी टेप लावून पाहिला, आणि त्यांच्या टोपलीनंतरही 1.9 मीटर जागा मोकळी होती. शिवाय आठ टप्प्यांपैकी अंधारात निर्धास्त वाटावे असा तो एकच टप्पा होता, कारण तिथे काकूंचा दिवा होता आणि माणसे थांबत होती. नोंदपत्रकात पक्के बांधकाम, वाहने आणि पथारी व्यावसायिक यांसाठी वेगवेगळे रकाने हवेत, आणि प्रत्येकापुढे उरलेली मोकळी रुंदी लिहायला हवी.

अहवाल मात्र अकराव्या दिवशी हाती आला, आणि तो उत्तम आहे. छायाचित्रे, नकाशावरील खुणा आणि मोजमापे शेजारीशेजारी असल्यामुळे तो पाहून कोणालाही वाद घालता येत नाही. पुणे महानगरपालिकेचे पादचारी धोरण 2016 चे आहे. त्यानंतर जंगली महाराज रस्त्यावर रुंद, बसण्याच्या जागांसह पदपथ उभे राहिलेही. आपल्या रस्त्याला तसेच काही मागायचे असेल, तर ‘पदपथ खराब आहे’ अशा तक्रारीपेक्षा ‘या खांबापाशी 58 सेंटिमीटर उरतात’ हे वाक्य कितीतरी उपयोगाचे आहे. आमच्या अर्जानंतर दोन चेंबरची झाकणे तीन आठवड्यांत बदलली गेली.

डीपी मात्र जागची हललेली नाही, कारण ज्या कार्यालयात आम्ही अर्ज दिला, त्याच्या अखत्यारीत ती येतच नाही. झाडाचे आळे दुसऱ्या विभागाकडे, दिशादर्शक फलक तिसऱ्या, आणि खोदकाम करणारी यंत्रणा चौथी. प्रत्येक अडथळ्यापुढे ‘ही वस्तू कोणाची?’ असा रकाना असता, तर आम्ही पहिल्याच दिवशी चार वेगवेगळे अर्ज दिले असते आणि आमचे दोन महिने वाचले असते. खांबांवर आणि पेट्यांवर बहुतेक वेळा क्रमांक व यंत्रणेचे नाव रंगवलेले असते, तेव्हा ही माहिती टिपायला फारसा वेळही लागत नाही.

एवढे आक्षेप नोंदवूनही मी या गटाला पुन्हा बोलावण्याच्या बाजूने संस्थेच्या बैठकीत मत दिले. आपल्या भागात पाहणी ठरवणाऱ्यांनी तारीख निश्चित करतानाच दुसरी फेरी कामाच्या दिवशी संध्याकाळी मागून घ्यावी, एक वॉकर किंवा व्हीलचेअर वापरणारी व्यक्ती सोबत असेल याची खात्री करावी, आणि घरात लहान बाळ असलेल्या कुटुंबाला बाबागाडीसह यायला सांगावे. आमची संध्याकाळची फेरी येत्या महिन्यातील पहिल्या गुरुवारी ठरली आहे. आजींनी येण्याचे कबूल केले आहे; पहिल्या फाटकापासून सहाव्यापर्यंतचे अंतर त्यांच्यासोबत कोण चालणार, याची यादी जिन्याजवळच्या फलकावर लावली आहे.